आंबट पाण्याचा डोंगर

जपानच्या फुकुशिमा प्रांतात अदातारा नावाचा ज्वालामुखी आहे. दर आठवड्याला काही माणसे तो चढतात, पण शिखर गाठण्यासाठी नव्हे. ती जातात नळ धुवायला. डोंगराच्या कुशीत, कुरोगाने नावाच्या निवाऱ्याजवळ गरम पाण्याचे झरे फुटतात आणि तिथून जवळजवळ आठ किलोमीटर लांबीच्या नळांतून ते पाणी खाली दाके नावाच्या गावात येते. पाण्याबरोबर पिवळसर-पांढरा गाळ येतो, नळांच्या आत बसतो आणि वेळीच काढला नाही तर वाट बंद करतो. तो काढणाऱ्यांना ‘युमोरी’ म्हणतात, म्हणजे गरम पाण्याचे राखणदार. कंबरभर बर्फ असो की पाऊस, त्यांची फेरी चुकत नाही. ती चुकली तर गावातल्या सगळ्या सराया आणि हॉटेलांच्या स्नानगृहांचे पाणी आटेल.

फुकुशिमा म्हटले की आपल्याला २०११ची अणुभट्टी आठवते. ती समुद्रकाठी होती. अदातारा प्रांताच्या आतल्या भागात, निहोनमात्सु शहराच्या डोक्यावर उभा आहे. उंची १,७०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडीशीच जास्त. पाळण्यात बसून निम्म्याहून अधिक चढण टाळता येते आणि पुढे दीड तासात माथा येतो. त्यामुळे नवशिके, शाळकरी मुले, निवृत्त जोडपी असे सगळेच इथे येतात. दिवसा डोंगर, संध्याकाळी गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसणे आणि मग जेवण, हा जपानी माणसाचा सुट्टीचा ठरलेला बेत. अलीकडे जपानला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमातही तो दिसू लागला आहे. डोंगर आणि स्नान या दोन वेगळ्या मौजा आहेत असे वरवर वाटते. पण ज्या रसायनांमुळे खालचे पाणी औषधी मानले जाते, त्यांच्यातलेच एक वर डोंगरावर माणसे मारते.

माथ्यावरून पुढे ‘उशिनोसे’ नावाची धार लागते. उशिनोसे म्हणजे गाईची पाठ. वारा तिथे माणसाला ढकलून देईल इतका असतो. या धारेवरून डावीकडे पाहिले की एकदम झाडोरा संपतो आणि किलोमीटरभराहून रुंद, राखाडी-पांढरी, एकही हिरवे पान नसलेली वाटी समोर येते. हे नुमानोताइरा विवर. दिसायला शांत, सपाट, जणू सुकलेला तलाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विवराच्या आतच गंधकाची खाण होती. १७ जुलै १९०० रोजी विवराचा स्फोट झाला आणि ७२ माणसे दगावली. त्यानंतर स्फोट असा झाला नाही, पण डोंगर थंडही झाला नाही. १५ सप्टेंबर १९९७ रोजी दाट धुक्यात वाट सोडून विवरात उतरलेल्या गिर्यारोहकांपैकी चौघे तिथेच कोसळून मरण पावले. ना आग, ना लाव्हा, ना दगड. त्यांना मारले हायड्रोजन सल्फाइड या वायूने. विवरातून जाणारी वाट तेव्हापासून बंद आहे.

हा वायू आपल्याला अनोळखी नाही. सडलेल्या अंड्याचा जो वास येतो तो याचाच. गरम झऱ्यांजवळ गेल्यावर लोक ‘गंधकाचा वास येतोय’ म्हणतात, ते शास्त्राच्या दृष्टीने चूक आहे; शुद्ध गंधकाला वास जवळजवळ नसतोच. नाकाला हा वायू विलक्षण लवकर कळतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसला तरी वास येतो. पण प्रमाण शंभर-दीडशे भागांच्या पुढे गेले की वास घेणारी मज्जाच बधिर होते आणि वास येईनासा होतो. धोका वाढत जातो आणि नेमकी त्याच वेळी सूचना देणारी घंटा बंद पडते. पाचशेच्या पुढे काही मिनिटांत शुद्ध हरपते. हजाराच्या आसपास एक-दोन श्वास पुरतात. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातले एक विकर हा वायू अडवतो. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. सायनाइड हेच करते.

त्याची आणखी एक खोड म्हणजे तो हवेपेक्षा जड आहे. वारा असेल तर उडून जातो. वारा पडला, धुके दाटले की खोलगट जागेत पाण्यासारखा साचतो. २००५च्या डिसेंबरात अकिता प्रांतातल्या एका गरम झऱ्याच्या गावी बर्फातल्या खळग्यात साचलेल्या या वायूने एकाच कुटुंबातल्या चौघांचा जीव घेतला. अशा ठिकाणी पहिला माणूस पडतो, त्याला उचलायला दुसरा वाकतो आणि तोही पडतो. मुंबई-पुण्यात मॅनहोलमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरलेल्या सफाई कामगारांच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. तिथेही बहुधा हाच वायू असतो आणि तिथेही मदतीला उतरलेलाच अनेकदा जातो. डोंगर असो की गटार, नियम एकच. खोलगट जागेत कोणी निपचित पडलेला दिसला तर श्वसनयंत्राशिवाय खाली उतरायचे नाही. हे वाचायला सोपे आहे, पाळायला फार कठीण.

ज्वालामुखीवर चालताना दुसरी भीती असते स्फोटाची, आणि इथे लाव्हारसाचे चित्र डोळ्यांसमोर आणून उपयोग नाही. २७ सप्टेंबर २०१४ हा शनिवार होता. स्वच्छ ऊन, पानांना रंग चढलेले. मध्य जपानमधल्या ३,०६७ मीटर उंचीच्या ओन्ताके पर्वताच्या माथ्यावर जेवणाचे डबे उघडण्याची वेळ. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी डोंगर फुटला. ५८ जण मरण पावले, पाच जणांचा पत्ता आजवर लागलेला नाही. बहुतेकांचा मृत्यू उडालेल्या दगडांच्या माऱ्याने झाला. लाव्हा बाहेर आलाच नव्हता. खालच्या उष्णतेने भूजल तापत राहते, दाबाखाली अडकून पडते आणि दाब अचानक सुटला की त्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. प्रेशर कुकरचे झाकण उडावे तसे डोंगराचे टोक उडते. अदाताऱ्याचा १९००चा स्फोटही याच जातीचा होता. लाव्हा वर सरकत असेल तर जमीन फुगते, भूकंपांची मालिका होते, यंत्रांना आधी कळते. वाफेचा स्फोट अशी सवलत फारशी देत नाही.

जपानच्या हवामान संस्थेने देशात १११ ज्वालामुखी जागृत ठरवले आहेत आणि त्यांतल्या प्रमुख ज्वालामुखींसाठी एक ते पाच अशा इशाऱ्याच्या पातळ्या आहेत. ओन्ताके त्या सकाळी पहिल्या पातळीवर होता. पहिल्या पातळीपुढे तेव्हा जो शब्द छापलेला असे, त्याचा अर्थ होता ‘नेहमीसारखे’. लोकांनी तो ‘सुरक्षित’ असा वाचला, आणि त्यात त्यांचा काय दोष? २०१५मध्ये तो शब्द काढून त्या जागी ‘हा जागृत ज्वालामुखी आहे याचे भान ठेवा’ अशा अर्थाचे वाक्य घातले गेले. धोका तोच, पातळी तीच, पण एका शब्दाच्या निवडीवर किती काही अवलंबून असते! त्याच वर्षी कायदाही बदलला. निवारे, बाहेर पडण्याचे मार्ग यांचे नियोजन स्थानिक प्रशासनावर आले आणि डोंगराची ताजी माहिती घेऊनच चढावे, ही अपेक्षा गिर्यारोहकावरही कायद्याने टाकली. आता अनेक ज्वालामुखींवर लोक हेल्मेट घेऊन जातात. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना दरड आणि मधमाश्यांसाठी सावध राहायची सवय असते; इथे त्यात वाऱ्याची दिशा आणि खोलगट जागा यांची भर घालायची, बंद वाटेची दोरी ओलांडायची नाही आणि धुके आले तर मागे फिरायचे.

सह्याद्रीचा विषय निघालाच आहे, तर आपलाही डोंगर लाव्हारसाचाच. फरक इतकाच की तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच थंड झाला. मग वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, पालीजवळचे उन्हेरे, दापोलीतले उन्हवरे, संगमेश्वराकडचे तुरळ आणि राजवाडी इथली कुंडे कशी तापतात? पावसाचे पाणी खडकांतल्या भेगांमधून खूप खोल जाते, तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. त्यामागे ज्वालामुखी नाही, म्हणून ते पाणी अदाताऱ्यासारखे आम्लही नसते. दोन्हीकडे ‘गंधकाचे पाणी’ म्हणतात खरे, पण रसायनशास्त्र निराळे आहे.

दाकेच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, अडीचच्या आसपास आहे. व्हिनेगर साधारण तितकेच आंबट असते. डोंगराच्या पोटातले गंधकयुक्त वायू भूजलात मिसळतात, हवेतल्या प्राणवायूशी त्यांचा संयोग होतो आणि अतिशय विरळ सल्फ्युरिक आम्ल तयार होते. चुकून ओठाला लागले तर पाणी खरोखरच आंबट लागते. लोखंडी नळ ते खाऊन टाकते, म्हणून इथे पूर्वापार लाकडाचे नळ वापरले गेले. झऱ्यातून निघालेले पाणी नितळ असते. हायड्रोजन सल्फाइडमधला गंधक सूक्ष्म कणांच्या रूपात सुटा झाला की प्रकाश विखुरतो आणि पाणी दुधाळ दिसू लागते. युमोरी नळ धुतात त्या दिवशी गाळ ढवळून खाली येतो आणि गावातली स्नानकुंडे एकदम दुधासारखी पांढरी होतात. अंगावर चांदी असेल तर काढून ठेवावी; ती काळी पडते.

झऱ्यावर गाव वसवण्याऐवजी झरा गावापर्यंत आणायचा, ही रीत इथे हौसेने आलेली नाही. जुने गाव झऱ्यापाशीच होते. १८२४ मध्ये दरड कोसळून ते गाडले गेले. नंतरची वस्ती १८६८च्या यादवीत जळाली, त्यानंतरची १९०३च्या आगीत. आजचे दाके १९०६ पासूनचे. तीन वेळा गाव हलले, पाणी मात्र त्याच झऱ्यांचे. तिथल्या लोकांना या पाण्याबद्दल एवढे काय वाटते, हे कोणत्याही रासायनिक विश्लेषणापेक्षा या इतिहासातून जास्त कळते.

तरी विश्लेषणही हवेच, आणि जपानमध्ये ते भिंतीवर लावलेले असते. १९४८च्या कायद्यानुसार ‘ओन्सेन’ म्हणवून घ्यायचे तर पाणी उगमाशी किमान २५ अंश सेल्सियस हवे किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा तरी पुरेशा प्रमाणात हवा. म्हणजे कोमट साधे पाणीही ओन्सेन ठरू शकते आणि गार खनिजयुक्त पाणीही. दर दहा वर्षांनी तपासणी सक्तीची आहे. पाण्यात काय आहे, ते गरम केले आहे का, फिरवून पुन्हा वापरले आहे का, कोणी टाळावे, हे सगळे तक्त्यावर असते. २००४ मध्ये नागानो प्रांतातल्या एका नामांकित दुधाळ पाण्याच्या ठिकाणी रंगासाठी चक्क स्नानाची पूड मिसळली जात असल्याचे उघड झाले, त्यानंतर नियम अधिक कडक झाले. गंमत म्हणजे ‘कोणी टाळावे’ या यादीत गर्भवती स्त्रिया अनेक दशके होत्या. त्याला वैद्यकीय आधार नाही म्हणून २०१४मध्ये ते कलम काढले. तीव्र हृदयविकार, श्वसनाचे किंवा मूत्रपिंडाचे गंभीर आजार, अंगात ताप, चालू रक्तस्राव या बाबी मात्र कायम आहेत.

आता खरा प्रश्न, याने होते काय? आम्ल पाण्याबद्दल एक गोष्ट बऱ्यापैकी अभ्यासलेली आहे. गुन्मा प्रांतातल्या कुसात्सु इथले पाणी दाकेहूनही आंबट आहे. एकोणिसाव्या शतकात जपानमध्ये शिकवायला आलेले जर्मन डॉक्टर एर्विन बेल्झ त्यावर इतके खूश होते की त्यांनी त्याची कीर्ती युरोपात नेली. पुढे गुन्मा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तिथे अटोपिक डर्मटायटिस, म्हणजे चिवट इसबाच्या रुग्णांवर काम केले. या रुग्णांच्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू माजतो आणि तो आम्ल पाण्याने कमी होतो, असे त्यांना आढळले. यात चमत्कार नाही, जंतुनाशकाचाच गुण आहे. उलट बाजूही तीच, की नाजूक किंवा कोरड्या त्वचेला असे पाणी झोंबते. बाहेर येताना अंगावर साधे पाणी घेतलेले बरे, आणि डोळ्यांना हात लावू नये.

चालून आलेल्या पायांचे काय? ‘गरम पाण्याने लॅक्टिक आम्ल निघून जाते’ हे वाक्य जपानमध्येही ऐकू येते आणि आपल्याकडच्या ट्रेकमध्येही. लॅक्टिक आम्ल तास-दोन तासांत आपोआपच निपटते. पाणी असो वा नसो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात त्या उतरणीवर स्नायूंना ताण पडून झालेल्या सूक्ष्म इजांमुळे. गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैलावतात, पाण्याच्या तरंगण्याने सांध्यांवरचा भार कमी होतो. बरे वाटते, आणि बरे वाटणे ही काही कमी गोष्ट नव्हे. पण इजा त्यामुळे लवकर भरते असा भक्कम पुरावा नाही. झोपेबद्दलचा पुरावा अधिक चांगला आहे. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा झोपण्याच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने स्नान केले तर झोप सरासरी दहा मिनिटे लवकर लागते असे दिसले. त्वचेतून उष्णता बाहेर पडते, शरीराचे आतले तापमान उतरते आणि मेंदूला निजायची खूण मिळते.

हृदयाच्या बाबतीत मोठा आकडा जपानमधल्या तीस हजारांहून अधिक मध्यमवयीन लोकांच्या पाहणीतून आला. जवळपास वीस वर्षांच्या नोंदींत, रोज टबमध्ये बसून स्नान करणाऱ्यांना हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका २८ टक्क्यांनी कमी आढळला. आकडा आकर्षक आहे, पण जपून घ्यावा. पाहणी घरच्या स्नानाची होती, झऱ्याच्या नव्हे. आणि रोज निवांत टबात बसू शकणारा माणूस मुळातच बरा असण्याची शक्यता राहतेच.

कारण त्याच देशात दरवर्षी अंदाजे १९ हजार माणसे स्नानाशी संबंधित कारणांनी मरतात, असा सरकारी संशोधन गटाचा अंदाज आहे. बहुतेक वृद्ध, बहुतेक हिवाळ्यात, बहुतेक घरीच. थंड खोलीत कपडे काढले की रक्तवाहिन्या आक्रसतात आणि रक्तदाब चढतो. कढत पाण्यात शिरले की त्या रुंदावतात आणि दाब उतरतो. मग माणूस झटकन उभा राहतो, अंगावरचा पाण्याचा दाब जातो, रक्त पायांकडे ओढले जाते, मेंदूला कमी पडते. घेरी येते आणि तोंड पाण्याखाली. तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेचा सल्ला आहे, पाणी ४१ अंशांपर्यंतच आणि बुडून बसणे दहा मिनिटांपर्यंतच. डोंगरावरून आलेल्या माणसाला हे दुप्पट लागू, कारण तो आधीच घामाने सुकलेला असतो. पोचल्याबरोबर पाण्यात उडी नको. अर्धा तास बसावे, दोन पेले पाणी प्यावे, आधी अंगावर गरम पाण्याचे तांबे घ्यावेत. तशीही तिथली रीत आहे की साबण लावून स्वच्छ अंघोळ आधी करायची आणि मगच कुंडात उतरायचे. बिअर स्नानानंतर, आधी नाही. साके तर नाहीच.

आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर कुंडातून उठताना कठडा धरून, टप्प्याटप्प्याने उठायचे. मधुमेह जुना असेल तर पायांची संवेदना कमी झालेली असू शकते; पाणी किती कढत आहे ते पायाला कळत नाही, हाताने पाहावे. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीत उष्णतेने ते रक्तात लवकर शोषले जाते आणि दिवसभराच्या चालीनंतर साखर खाली येण्याची शक्यता असतेच. खिशात काही गोड ठेवावे. अर्थात कुंडात खिसा नसतो, कपडेही नसतात. तेव्हा ते कपड्यांच्या टोपलीत वरच ठेवावे. सामूहिक नग्नतेचा संकोच आपल्याकडच्या बहुतेकांना पहिली पाच मिनिटे छळतो. स्त्री-पुरुषांची कुंडे बहुतेक ठिकाणी वेगळी असतात आणि कोणी कोणाकडे पाहत नाही.

आणि उतरताना घोटा मुरगळला असेल, सूज आली असेल, तर तो पाय पहिले दोन दिवस गरम पाण्यात घालू नये, सूज वाढते. बाकीचे अंग कुंडात आणि एक पाय काठावर, असे बसलेले गिर्यारोहक दिसले तर हसू नये.